शाळेंतील कोंबड्या व भाजीचा मळा

शाळेच्या आवारांत भाजीचा मळा करावा व त्याच्या जोडीस कांहीं कोंबड्या पाळाव्या, अशी सूचना यंदाच्या पालकसभेंत पुढें आली आणि ती बहुतेकांस आवडली. ज्यांस आवडली त्यांत आम्हीही आहों. परंतु आवडलेल्या गोष्टीचा हिशेब अगोदर मांडावा, अशी संवय आम्ही गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांस लावीत असतों. तेव्हां ती आम्हांसही पाळणें प्राप्त आहे. म्हणून हा उद्योग चालतो कसा, त्यांतून शिकावयास काय मिळतें आणि तो अडतो कोठें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कल्पना नवी नाहीं. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांतून शेतीचें ज्ञान द्यावें व शक्य तेथें नमुन्याचीं शेतें दाखवून तें पक्कें करावें, असें सुचविलें होतें. पुढें १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं हाताच्या उद्योगाभोंवतीं सर्व शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथील शिक्षणक्रमांत शेती व पशुपालन यांस कारखान्यांतील कामाच्या बरोबरीचें स्थान आहे. आम्ही जें करूं पाहतों तें या सर्वांपुढें फार लहान आहे. शाळेच्या मागील बाजूस एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, एवढी जमीन आणि १२ कोंबड्या. बाराच कां, पन्नास कां नकोत, याचें उत्तर पुढें येईल.

प्रथम अंड्यांचा हिशेब करूं. बंगलोरच्या कृषि विद्यापीठांत तयार झालेली गिरिराज, हैदराबादेस तयार झालेली वनराज, अशा परसांत पाळण्याजोग्या सुधारलेल्या जातींची कोंबडी वर्षाला साधारण १५० अंडीं देते. आपली गांवठी कोंबडी ५० ते ८० देते. लेगहॉर्न जातीची पांढरी कोंबडी ३०० च्या घरांत जाते. पण तिचें खाद्य फार मोजूनमापून करावें लागतें, आणि नवशिक्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये असें आमचें मत आहे. १२ कोंबड्यांचीं १५० प्रमाणें १,८०० अंडीं झालीं. शाळेंत ४०० मुलें धरलीं, तर एकेकाच्या वाट्यास वर्षभरांत साडेचार अंडीं येतील!

हा आंकडा पाहून ज्यांचा उत्साह ओसरेल त्यांस आम्ही दोष देत नाहीं. उलट, शाळेंतील कोंबड्या मुलांस पोसतील ही समजूत आरंभींच गेलेली बरी. खर्चाची बाजूही पाहावी. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला सुमारें ११५ ग्रॅम खाद्य खाते. वर्षाचे ४२ किलो झाले. त्यांत १५० अंडीं, म्हणजे एका अंड्यामागें २८० ग्रॅम खाद्य. मळ्यांतील निवडलेला पाला, किडे आणि डब्यांत उरलेलीं भाताचीं शितें यांनीं हा भार थोडा हलका होतो, पण उतरत नाहीं. खाद्याचा बाजारभाव प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतः दुकानांत विचारून हा गुणाकार पुरा करावा. अंडें आपणांस कितीस पडतें तें त्यास कळेल, आणि अंडेवाल्याविषयींचें त्याचें मतही कदाचित् बदलेल.

मग हा खटाटोप कशासाठीं? कोंबडी ही चांगली शिक्षिका आहे, म्हणून. आणि ही केवळ अलंकारिक भाषा नव्हे. ख्रिस्तियान आइकमान नांवाचे एक डच डॉक्टर १८९० च्या सुमारास जावा बेटांत बेरीबेरी या रोगाचें कारण शोधीत होते. हा रोग जंतूंमुळें होतो अशी त्या वेळची समजूत होती. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं औषधावांचून बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, मधल्या काळांत त्यांस लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा शुभ्र, सडलेल्या तांदुळाचा भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला व त्यानें ‘लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांस मिळणार नाहीं’ म्हणून तो बंद केला. तेव्हांपासून त्यांस हातसडीचा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळूं लागला. तांदुळाच्या कोंड्यांत जीवनसत्त्व असतें या ज्ञानाकडे जाणारी वाट त्या आचाऱ्याच्या हट्टांतून निघाली. आइकमान यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आचाऱ्याचें नांव कोणी लक्षांत ठेविलें नाहीं.

या गोष्टींतून आम्ही आमच्यापुरता एक नियम काढिला आहे: खुराड्याच्या दाराशीं एक नोंदवही टांगलेली असावी, आणि त्या दिवशीं कोणीं, केव्हां, कोणतें खाद्य किती घातलें, अंडीं किती मिळालीं, कोणती कोंबडी मरगळली, हें सर्व तींत लिहावें. ‘सर्व ठीक’ एवढेंच लिहिणाऱ्यास त्या दिवसाचे गुण मिळणार नाहींत.

नोंदवहीच्या आधारानें वर्गांत काय काय करतां येईल, याचा विचार करूं लागलें म्हणजे मन हरखून जातें. थंडीच्या दिवसांत अंडीं कां कमी होतात? कोंबडीचें अंडें घालणें दिवसाच्या लांबीशीं बांधलेलें आहे. १४ ते १६ तास उजेड मिळाला म्हणजे ती भरपूर अंडीं देते. पुण्याकडे डिसेंबरांत दिवस सुमारें ११ तासांचा व जूनमध्यें १३ तासांहून थोडा अधिक. पंचांगांतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा एका बाजूस व नोंदवहींतील अंडीं दुसऱ्या बाजूस मांडून आलेख काढावा. परंतु चैत्र-वैशाखांत दिवस वाढत असतांही कडक उन्हानें अंडीं घटतात. तेव्हां उजेडाचा परिणाम किती व उष्म्याचा किती, हें वेगळें काढणें आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसही सोपें जाणार नाहीं.

अंड्याचें कवच व्हिनेगरांत ठेविलें तर बुडबुडे येऊन तें विरघळतें व आंतील पातळ पापुद्रा उरतो. कवच हें बहुतांशीं चुनखडीचेंच आहे याचा हा डोळ्यांनीं पाहिलेला पुरावा होय. एका कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. कोंबडीला शिंपल्यांचा चुरा कां घालावा लागतो तें यावरून समजेल. पुष्कळांस असें वाटतें कीं, कोंबडा नसेल तर अंडें मिळणार नाहीं. तसें नाहीं. कोंबड्यावांचून अंडें मिळतें, फक्त त्यांतून पिलूं निघत नाहीं. म्हणून आम्ही कोंबडा पाळणार नाहीं, आणि शेजाऱ्यांची पहाटेची झोंपही अबाधित राहील. मात्र एखादी कोंबडी खुडूक झाली म्हणजे गांवांतून फलित अंडीं आणून तिच्याखालीं ठेवावीं. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत विजेरीच्या उजेडासमोर अंडें धरलें तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात, आणि एकविसाव्या दिवशीं पिलूं कवच फोडतें. जीवशास्त्राच्या पुस्तकांतील कोणतीही आकृति याची बरोबरी करणार नाहीं.

आतां मळा. कोंबड्या व मळा हे एकमेकांचे ऋणको आणि धनको आहेत, आणि त्यांचा व्यवहार चालतो खतावर. एक कोंबडी दिवसाला सुमारें १०० ग्रॅम विष्ठा टाकते. १२ कोंबड्यांची महिन्याला ३५ किलोंच्या वर झाली. तींत जो पांढरा भाग दिसतो तो युरिक आम्लाचा. कोंबडीचें मूत्र वेगळें नसून तें याच रूपानें बाहेर पडतें, आणि त्यामुळेंच या खतांत नत्र भरपूर असतें. तें ताजें घातलें तर रोपें करपतात. शेतकरी या खतास उष्ण म्हणतो तें यासाठींच. खुराड्यांतील भाताचें तूस व विष्ठा, त्यांवर वाळलेला पालापाचोळा, त्यावर थोडी माती, असे थर रचून वर पाणी शिंपडावें व अधूनमधून ढीग चाळवावा. तीन-चार महिन्यांनीं त्याचें काळेंभोर, वास नसलेलें खत होतें. आंतील उष्णता हाताला जाणवते. वर्गांतील उष्णतामापक त्यांत खुपसून आंकडे घ्यावे. न कुजलेलें खत पालेभाजीस कधींही घालूं नये, कारण त्यांतील रोगजंतु भाजीवाटे पोटांत जातात. खुराड्यांतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकानें साबणानें हात धुवावे, हा नियम शिक्षकांसही लागू आहे.

आमचा विचार असा आहे कीं, येत्या जूनमध्यें प्रथम मळाच करावा आणि कोंबड्या दिवाळीनंतर आणाव्या. पावसाळ्यांत खुराड्यांतील तूस ओलें राहतें, आणि ओल्या तुसांत रक्ती हगवणीचा रोग फार लवकर पसरतो. शिवाय पावसाळ्यांत मळ्याचें काम मुलांच्या अंगवळणीं पडलें म्हणजे कोण टिकून काम करतो व कोण चार दिवसांत कंटाळतो, हेंही कळून येईल. मेथी, पालक, चवळी, भेंडी व गवार वाफ्यांत. दोडका व कारलें कुंपणावर. कडेला शेवगा, पपई आणि कढीलिंब. चवळीचें रोप अलगद उपटून मुळांवरील गांठी मुलांस दाखवाव्या. हवेंतील नत्र बांधून ठेवणारे सूक्ष्म जीव त्यांत राहतात. कोंबड्या आल्यावर त्यांना उभ्या पिकांत सोडूं नये. एका दुपारांत त्या सारा वाफा उकरून टाकतील. पीक निघाल्यावर मात्र त्यांस वाफ्यांत सोडावें. तण, अळ्या व सांडलेलें बीं त्या वेंचून खातात आणि जमीनही भुसभुशीत करतात.

दहा आठवड्यांचीं, लसी दिलेलीं पाखरेंच विकत घ्यावीं. एक दिवसाचीं पिलें दिसावयास गोजिरवाणीं असतात, परंतु त्यांस पहिल्या आठवड्यांत सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब रात्रंदिवस लागते, व शाळा रात्रीं बंद असते. खुराडें पूर्व-पश्चिम लांब असावें, म्हणजे लांब बाजूंनीं ऊन आंत शिरत नाहीं. दर कोंबडीस निदान २ चौरस फूट जागा लागते. आम्ही ८ फूट लांब व ६ फूट रुंद असें दुप्पट ऐसपैस करणार आहों. जाळी बारीक पाहिजे. मुंगूस लहानशा फटींतून आंत येतो. आणि तूस स्वच्छ आहे कीं नाहीं हें उभ्यानें पाहूं नये. कोंबडीच्या उंचीवर बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर तूस बदलण्याची वेळ झाली आहे असें समजावें.

रोगांविषयीं पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंति आहे. मानमोडी हा कोंबड्यांचा सर्वांत भयंकर रोग. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्याकडील लोक मानमोडीच म्हणत.) शास्त्रीय ग्रंथांत त्यास रानीखेत हें हिमालयांतील गांवाचें नांव चिकटलें आहे, कारण आपल्या देशांत तो १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें नोंदला गेला. कोंबडी धापा टाकते, हिरवट हगते, मान पिळवटते, आणि बहुधा मरते. यास औषध नाहीं; लस आहे. हा रोग माणसाच्या पायांतील वहाणांवरूनही येतो. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोंबड्या आहेत. तेव्हां ज्याच्या घरची कोंबडी आजारी असेल त्या मुलानें तें सांगावें व खुराड्याच्या कामांतून सुटी घ्यावी. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ आली तेव्हां लाखों पक्षी मारावे लागले; अनेक कुटुंबांचें वर्षानुवर्षांचें भांडवल कांहीं दिवसांत गेलें. खुराड्यासाठीं वहाणांचा वेगळा जोड, दाराशीं चुन्याची पेटी, आणि पाहुण्यांस जाळीबाहेरून दर्शन, हे नियम म्हणूनच आहेत. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंडही विषच समजावी. ती स्वस्त मिळाली तरी आणूं नये.

विद्यार्थी मित्रहो, आतां थोडें कामाविषयीं. खुराडें झाडणें हें काम पाळीपाळीनें सर्वांस येईल. मुलगा किंवा मुलगी, अमुक घरचा किंवा तमुक घरचा, असा भेद त्यांत राहणार नाहीं. आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षकांस उद्देशून लिहितों: हें काम शिक्षा म्हणून कोणासही देऊं नये. वर्गांत बोलल्याबद्दल ज्या दिवशीं एखाद्यास खुराडें झाडावयास लावूं, त्या दिवशीं तें काम हलकें आहे असें आम्हीच चारशें मुलांस शिकविलें असें होईल. ज्यांच्या घरीं अंडें वर्ज्य आहे त्यांच्या मुलांनीं मळ्याचें काम करावें. आग्रह कोणासही होणार नाहीं, व त्यामुळें गुणही कमी होणार नाहींत.

म्हाताऱ्या कोंबड्यांचें काय, असा प्रश्न एका पालकांनीं केला. प्रश्न अवघड आहे, पण योग्य आहे. दीड-दोन वर्षांनीं अंडीं कमी होऊं लागतात, खाणें मात्र तेवढेंच राहतें. तोंपर्यंत मुलांनीं त्यांस नांवें ठेविलेलीं असतील. आम्ही असें ठरविलें आहे कीं, त्या कोंबड्या बाजारांत विकल्या जातील, आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशीं मुलांस सांगितली जाईल. एके सोमवारीं रिकामें खुराडें पाहून मुलांनीं काय तें तर्कानें जाणावें, हें आम्हांस पसंत नाहीं.

आतां बारा या आंकड्याकडे येऊं. हा सर्व विचार जुळला तरी एक अडचण उरते, व ती मोठी आहे. शाळेचें वर्ष दहा-साडेदहा महिन्यांचें असतें. कोंबडीचें बारा महिन्यांचें. दिवाळीनंतर आणलेलीं पाखरें माघ-फाल्गुनांत अंड्यावर येतात, आणि तीं ऐन भरांत असतां परीक्षा संपून मे महिन्याची सुटी लागते. त्याच दिवसांत ऊन ४० अंशांकडे जातें. कोंबडीला घाम येत नाहीं, ती चोंच उघडी टाकून धापा टाकते, आणि दुपारीं पाणी संपलें तर संध्याकाळपर्यंत जगेलच असें नाहीं. मळ्यास सुटी देतां येते. एप्रिलांत वाफे मोकळे करून जमीन तापत ठेवावी, हें आपले शेतकरी पूर्वापार करीत आलेच आहेत. शेवगा, पपई व कढीलिंब यांच्या बुडाशीं मातीचें मडकें पुरून त्यांत आठवड्यांतून दोन-तीनदां पाणी भरलें व वर पाल्याचें आच्छादन घातलें म्हणजे तीं झाडें तग धरतात. कोंबडीला सुटी देतां येत नाहीं. आणि शाळेच्या शिपायावर तें ओझें टाकून आम्ही मोकळे झालों, तर तो उपक्रम विद्यार्थ्यांचा राहिला नाहीं.

म्हणून कोंबड्यांची संख्या आम्ही उद्घाटनाच्या दिवसावरून न ठरवितां मे महिन्यांतील एका कडक दुपारावरून ठरविली आहे. १२ कोंबड्यांस दिवसाला १,३८० ग्रॅम खाद्य व एरवीं ३ लिटर, उन्हाळ्यांत ६ लिटरपर्यंत पाणी लागतें. एवढें काम एक मूल आपल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर येऊन सकाळीं अर्ध्या तासांत व संध्याकाळीं पाव तासांत उरकूं शकतें. दुपारीं कोणीं तरी एक फेरी मारून पाणी पाहावें व उन्हाच्या बाजूचीं गोणपाटें भिजवावीं. १०० कोंबड्या असत्या तर साडेअकरा किलो खाद्य व ५० लिटर पाणी! तें कोणत्याही कुटुंबास सांगण्याचें धाडस आम्हांस झालें नसतें.

सुटी सुमारें ४५ दिवसांची. एका कुटुंबानें तीन दिवस घेतले तर १५ कुटुंबें लागतात. कोणी आजारी पडेल, कोणास लग्नाला गांवीं जावें लागेल, यासाठीं आणखी ३ राखून ठेवावीं. ज्या कुटुंबाची पाळी त्याच्याकडे खुराड्याची किल्ली, खाद्य मोजण्याचा खूण केलेला डबा व नोंदवही राहील. त्या तीन दिवसांचीं अंडीं त्या कुटुंबाचीं. शाळेपासून पायीं येण्याच्या अंतरावर जे राहतात त्यांनींच नांव द्यावें. दुरून येणाऱ्यांचा उत्साह आम्हांस मोलाचा वाटतो, पण वैशाखांतील दुपारीं तो उपयोगीं पडणार नाहीं.

यासाठीं एक वही जूनपासून कार्यालयांत ठेविली जाईल. दिवाळीच्या सुटीपूर्वीं तींत १८ कुटुंबांचीं नांवें झालीं तर खुराड्याच्या कामास आरंभ करूं. न झालीं तर यंदा मळा तेवढा करूं, आणि कोंबड्यांचा विषय पुढील वर्षाच्या पालकसभेपुढें पुन्हां मांडूं. वहींत पालकांच्या सहीशेजारीं विद्यार्थ्याच्या सहीसाठींही एक रकाना आखिला आहे. तो रिकामा राहिला तर नांव धरलें जाणार नाहीं.